मांडवीवर राहणाऱ्या बोटीला कील कोणती?

प्रश्न : पर्वरीला राहतो. मर्चंट नेव्हीच्या इंजिनरूममधून यंदा निवृत्त झालो. २६ ते २८ फुटांची, वापरलेली शिडाची बोट घ्यायची आहे. तीन पाहून ठेवल्यात. पहिली फिन कीलची, ड्राफ्ट (म्हणजे पाण्याखाली जाणारी खोली) १.७ मीटर. दुसरी दोन कीलची, ड्राफ्ट १ मीटर. तिसरी सेंटरबोर्डवाली, म्हणजे तळातून वरखाली होणाऱ्या पात्याची; बोर्ड वर घेतला की ०.६ मीटर. बोट वेरें-बेतीच्या बाजूला मूरिंगवर, म्हणजे नदीत पक्क्या नांगरलेल्या बोयाला बांधून, राहील. रविवारी आग्वादसमोर फिरणं, वर्षातून दोनदा मालवण, जमलं तर एकदा मुंबई. पावसाळ्यात शापोरा नदीकाठी मेव्हण्याच्या माडांच्या बागेत वर काढून ठेवीन. कोणती घ्यावी?

उत्तर :

तुमच्या प्रश्नातलं सगळ्यात कामाचं वाक्य तुम्ही शेवटी, जाता जाता लिहिलंय. मेव्हण्याची बाग! मी गेली २७ वर्षं गोव्यात बोटींच्या पोटाखाली आडवा होऊन काम करतोय. विकत घेणारा माणूस वेग विचारतो, शीड किती जुनं ते विचारतो, आत झोपायला किती जागा ते विचारतो. जूनमध्ये ही बोट कुठे आणि कशावर उभी राहणार, हे विचारणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. आणि कीलचं अर्धं उत्तर तिथेच असतं. बोट वर्षातले फार तर साठ दिवस शिडावर चालते. उरलेले तीनशे दिवस ती नुसती उभी असते, मूरिंगला नाहीतर जमिनीवर. कील त्या तीनशे दिवसांकडे बघून निवडायची, हे माझं मत. रेस खेळणारे माझ्याशी भांडतील. भांडू देत, त्यांची बोट क्रेनवर असते.

आधी कील करते काय ते बघू. तुम्ही इंजिनरूमचे, म्हणजे जहाजाची कील हा तळाचा कणा, एवढं तुम्हाला पाठ आहे. आपल्या किनाऱ्यावर होड्या बांधणारे सुतार त्यालाच पठाण म्हणतात. शिडाच्या बोटीत मात्र कील म्हणजे त्या कण्याखाली पाण्यात लोंबणारा पंख. तिला दोन कामं असतात. एक, बोट वाऱ्याने आडवी वाहत जाऊ नये म्हणून पाण्याला धरून ठेवणं. दोन, वजन खाली ठेवून बोट कलली की तिला परत उभी करणं. जुन्या गलबतांत हे दुसरं काम नीरम करायचं, म्हणजे तळात भरलेले दगड. आपल्या गोव्याच्या होडीला असली पंखासारखी कील नसतेच. तिला बाजूला उलांडी, म्हणजे तोल सांभाळणारं तरंगतं लाकूड असतं, आणि म्हणून ती कुठल्याही वाळूवर ओढता येते. पण ती वाऱ्यावर चढत नाही, म्हणजे वारा येतो त्या बाजूला तिरकं-तिरकं पुढे जाणं तिला जमत नाही. हे देणंघेणं लक्षात ठेवा, पुढे सगळीकडे तेच आहे.

पहिलं काम कसं होतं, हे बऱ्याच जणांना उलटं वाटतं. कील ही भिंत नाही. बोटीचं नाक जिकडे असतं, नेमकी तिकडे ती जात नाही. चांगली बोटसुद्धा ३ ते ५ अंश वाऱ्याखाली सरकत जाते. त्या तिरकसपणामुळेच कीलवर पाणी कोनात येतं आणि विमानाच्या पंखासारखी उचल तयार होते, फक्त आडवी. म्हणजे थोडं सरकल्याशिवाय कील काम करत नाही. आणि उचल वेगाच्या वर्गाने वाढते: वेग निम्मा झाला की उचल एक चतुर्थांश. म्हणून नवशिका माणूस वाऱ्याच्या अगदी तोंडावर बोट दामटायला जातो, वेग मरतो, कील पाण्याला सोडते आणि बोट खेकड्यासारखी आडवी चालू लागते. अशा वेळी दोष कीलला देऊ नका. नाक वाऱ्यापासून जरा दूर वळवा, वेग घ्या.

पंख लांब आणि अरुंद असेल तर चांगली उचल देतो. घार बघा, कोंबडी बघा. खोल आणि अरुंद फिन कील म्हणजे घारीचा पंख. तीच उचल उथळ कीलमधून हवी असेल तर ती पुढे-मागे लांब करावी लागते, आणि पाणी खालच्या कडेवरून एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला निसटत राहतं. ही गळती कमी करण्यासाठी कुणी तळाला आडवे पंख लावतो.

दुसऱ्या कामाचा हिशोब तुम्हाला आवडेल. समजा कीलचं वजन ९०० किलो आहे. तेच वजन ४० सेंटिमीटर अजून खाली नेलं. बोट ३० अंश कलली असताना त्यामुळे वाढणारा सरळ करणारा जोर किती? ९०० गुणिले ०.४ गुणिले ०.५, म्हणजे १८० किलो-मीटर. साधारण ७० किलोची दोन माणसं मध्यरेषेपासून १.३ मीटर दूर, वाऱ्याच्या बाजूला बसवल्याइतका. खोल कील तुम्हाला न जेवणारे, न ओकणारे दोन खलाशी फुकट देते. म्हणून डिझाइनर खोलीच्या मागे लागतात.

आता तुमच्या तीन बोटी. पण त्याआधी एक चौथा प्रकार, कारण त्याबद्दल तुम्हाला कुणीतरी बारमध्ये नक्की सांगणार: लांब कील, नाकापासून सुकाणूपर्यंत अखंड. मुंबईत साठच्या दशकात सागवानात बांधलेली ‘सुहैली’ याच जातीची. १९६८-६९ मध्ये रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन तिच्यावरून एकटे, न थांबता पृथ्वीला फेरी मारून आले. तिच्याच धर्तीची ‘थुरिया’ इथे गोव्यात बांधली गेली आणि ती घेऊन अभिलाष टॉमी २०१८ च्या गोल्डन ग्लोब रेसला, म्हणजे एकट्याने पृथ्वीला फेरी मारण्याच्या शर्यतीला उतरले. त्या रेसचा नियमच आहे की कील लांब हवी आणि सुकाणू तिच्या मागच्या कडेला जोडलेलं हवं. लांब कीलची बोट आपला मार्ग सोडत नाही, जाळ्यावरून घसरून जाते, आणि आपटली तरी सुकाणू वाचतं. पण ती म्हणजे अभेद्य किल्ला नव्हे. दक्षिण हिंदी महासागरात त्या सप्टेंबरच्या वादळात ‘थुरिया’ उलटली, डोलकाठी मोडली आणि टॉमी पाठीला जबर मार लागून अडकले. तेवढ्या मोठ्या लाटेपुढे कीलचा प्रकार गौण ठरतो. तुम्हाला मांडवीत रोज जाग्यावर वळायचंय, मूरिंग पकडायचंय. लांब कीलची बोट इंजिनवर मागे घेताना सुकाणूचं ऐकत नाही, आपल्याला हवं तिकडे ढुंगण फिरवते. रविवारी संध्याकाळी कसिनोच्या फेरीबोटी इकडून तिकडे पळत असताना ही करमणूक नको.

फिन कील, १.७ मीटर. तिघींत ही सगळ्यात चांगली चालणारी, यात वाद नाही. वळते भराभर, वाऱ्यावर चढते, कमी वाऱ्यातही जिवंत वाटते. मुंबईला जायचं म्हटलं तर हिचाच विचार आधी येतो. कारण हंगामात आपल्याकडे दुपारनंतर वारा वायव्येचा, म्हणजे जाताना बरोब्बर नाकावर. इथून मुंबई सरळ रेषेत साधारण २२५ सागरी मैल. वारा नाकावर असला की नागमोडी जावं लागतं; त्यातलं प्रत्येक वळण म्हणजे टॅक. चांगली फिन कीलची बोट ९० अंशांत टॅक घेते असं धरा, तर प्रत्यक्ष काटावं लागणारं अंतर सुमारे ३२० मैल. दोन कीलची बोट ११० अंशांत टॅक घेत असेल तर तेच ३९० च्या घरात. ७० मैलांचा फरक, ५ नॉटने १४ तास. ऐकायला भयंकर वाटतं. पण तुम्ही मुंबईला वर्षातून एकदा, तेही ‘जमलं तर’ जाणार आहात. आणि या किनाऱ्याने पूर्वी शिडं हाकली ती माणसं असं नाकावर वारा घेत जात नसत. रात्रभर आणि पहाटे जमिनीवरून येणारा मतलई वारा घेऊन किनाऱ्याजवळून उत्तरेला सरकायचं, दुपारी खारा वारा जोर धरू लागला की वेंगुर्ला, देवगड, विजयदुर्ग जे जवळ असेल तिथे आत शिरून नांगर टाकायचा आणि जेवायचं. हे करायचं तर खाडीत शिरता आलं पाहिजे. म्हणजे फिरून परत ड्राफ्टच.

ड्राफ्टचा हिशोब लोक चुकवतात तो असा. बोट १.७ मीटर पाणी घेते, सँडबारवर (नदीच्या तोंडावरच्या वाळूच्या उंचवट्यावर) २ मीटर आहे, म्हणजे ३० सेंटिमीटर शिल्लक. असं नसतं. बारवर लाट उभी राहते. लाटेच्या खळग्यात पाणी अर्धा-पाऊण मीटर खाली जातं आणि नेमकी तिथेच बोट डोकं आपटते. मी अर्धा ते पाऊण मीटर खळग्याला आणि वर अर्धा मीटर जिवाला असं धरतो. म्हणजे फिन कीलच्या बोटीला साधारण २.८ मीटर लागणार, दोन कीलवालीला २.१. आपल्याकडे उधाणाला (अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास) भरती-सुकतीतला फरक जेमतेम दोन-सव्वादोन मीटर, भांगाला (अष्टमीच्या आसपास) साधारण निम्मा. म्हणजे हा ७० सेंटिमीटरचा फरक भांगाच्या दिवसांत भरतीचा निम्म्याहून मोठा भाग आहे. मांडवीच्या तोंडावरचा आग्वादचा बार तुम्हाला माहीत आहे. पावसाळ्यात तो बंद होतो आणि खनिजाच्या बार्जेस कुंभारजुव्याच्या कालव्यातून झुवारीत उतरून मुरगाव गाठायच्या. शापोऱ्याचं तोंड त्याहून लहान आणि जास्त लहरी. दर पावसाळ्यानंतर वाळू कुठे बसली ते नव्याने शिकावं लागतं; चार्टवरचा आकडा म्हणजे गेल्या कधीतरीची बातमी. तिथल्या मच्छीमारांना विचारल्याशिवाय मी अजून आत शिरत नाही. तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढायचा कोकणातला हिशोब घरी बसून ठीक आहे, बारवर मात्र टाइड टेबल हातात हवं. आपल्याकडच्या दिवसाच्या दोन भरत्या सारख्या नसतात. सकाळच्या भरतीला गेलात म्हणून संध्याकाळच्या भरतीला परत येता येईलच असं नाही.

म्हणजे फिन कीलची बोट घेतलीत तर मेव्हण्याची बाग विसरायची. बारवरून आत गेलात तरी तिथे ती उभी कशी करणार? एका पात्यावर तीन टन. तिला लोखंडी क्रेडल, म्हणजे बोट उभी धरणारा सांगाडा हवा, क्रेन हवी, क्रेन उभी राहील अशी टणक जमीन हवी. माडांच्या बागेत जूनची पहिली सर पडली की जमीन लोण्यासारखी होते. एकदा क्रेडलचा एक पाय रात्रीत वीतभर खचलेला मी पाहिलाय. बोट पडली नाही. आम्ही चौघं तिच्याखाली ओंडके सारत होतो तेव्हा कुणी कुणाशी बोलत नव्हतं.

पण फिन कीलबद्दल माझी खरी भीती वेगळीच आहे, आणि वापरलेली बोट घेताना ती तुम्ही नीट ऐका. फिन कील बोटीला बोल्टांनी जोडलेली असते. अरुंद पातं, त्यामुळे मुळाशी ताण फार. बोट ५-६ नॉटने दगडावर गेली की कीलचं खालचं टोक थांबतं आणि बोट पुढे जाते. पुढची कड तळापासून सुटायला बघते आणि मागची कड तळात घुसते. बाहेरून फक्त एक ओरखडा दिसतो. मोडतं ते आत, फ्लोअरबोर्डखाली, जिथे फायबरच्या आडव्या-उभ्या पट्ट्यांची जाळी तळाला चिकटवलेली असते.

काही वर्षांपूर्वी ३० फुटांची एक बोट माझ्याकडे तपासायला आली. मालक म्हणाला, मालवणच्या खडकांजवळ ‘जराशी घासली होती’. आम्ही ती पट्ट्यांवर उचलली. जमिनीवर उभी होती तोवर कील आणि तळ यांच्यातली रेघ केसाएवढी होती. हवेत लटकताच पुढच्या बाजूला ती उघडली आणि तिच्यातून तपकिरी पाणी ठिबकू लागलं. माझ्याबरोबरचा पोरगा खाली वाकून बघत म्हणाला, “पात्रांव, पळयात, हांसता ही.” म्हणजे, साहेब, बघा, हसतेय ही. खरंच, ओठ विलग झाल्यासारखी वाकडी फट होती. मी त्यात व्हिजिटिंग कार्ड सरकवलं, ते निम्मं आत गेलं. वर फ्लोअरबोर्ड काढले तर मागच्या दोन बोल्टांच्या आसपास जाळी तळापासून सुटलेली. बोटाने दाबली की वरखाली व्हायची. हातोडीने ठोकत गेलो: टण्, टण्, टण्, आणि मग एकदम थप्. मालक त्या बोटीत बायको-मुलांना घेऊन महिनाभर फिरत होता.

हे घाबरवायला सांगत नाही. २०१४ च्या मे महिन्यात ‘चीकी रफिकी’ नावाची ४० फुटी बोट अँटिगाहून इंग्लंडला परतताना अटलांटिकमध्ये कील गमावून उलटली आणि चौघे गेले. चौकशीत जे पुढे आलं त्यात आधीच्या आपटण्यांनी आणि दुरुस्त्यांनी त्या आतल्या जोडावर झालेला परिणाम हा मोठा भाग होता. तेव्हापासून माझा नियम एकच: बोल्टाने जोडलेल्या कीलची बोट उचलून, लटकवून बघितल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत. मालक म्हणाला ‘कशाला उगाच खर्च’, तर नमस्कार करून निघायचं.

बोल्ट स्टेनलेसचे आहेत म्हणून निर्धास्त राहू नका. स्टेनलेसला हवा लागते. ओलसर, बंद फटीत, जिथे ऑक्सिजन पोचत नाही, तिथे ते आतल्या आत पोखरतं. वरचं नट चकचकीत आणि सहा इंच खाली बोल्ट पेन्सिलीएवढा. आयुष्यभर पंपांचे शाफ्ट पाहिलेत तुम्ही, तुम्हाला वेगळं सांगायला नको. एक बोल्ट काढून दाखवा म्हणा.

कील शिशाची की बिडाची, हेही विचारा. शिसं जड, घनता ११.३, बीड ७.२ च्या आसपास. म्हणून शिशाची कील त्याच वजनाला बारीक होते. आणि दगडावर गेली तर शिसं चेमटतं, धक्का खातं. बीड धक्का जसाच्या तसा वर पाठवतं. शिवाय आपल्या कोमट खाऱ्या पाण्यात बीड गंजतं ते असं की दर दोन वर्षांनी पापुद्रे खरवडून रंग लावायचा ही नोकरीच. तुम्ही पाहिलेली बिडाची असणार, स्वस्तातल्या बहुतेक असतात.

आता सेंटरबोर्ड. कागदावर गोव्यासाठी हिच्यासारखी बोट नाही. ०.६ मीटर! शापोऱ्यात कधीही जा, वाळूवर टेकवा, पोरं उड्या मारून उतरतील. हॉबी १६ नावाचं कॅटामरान किनाऱ्यावरच्या लोकांना आवडतं ते याचमुळे. तिला तर बोर्डही नाही, दोन पोटांचा असमान आकारच कीलचं काम करतो आणि सुकाणू वाळूला लागलं की वर उचललं जातं. पण ती दिवसाची बोट, मूरिंगवर महिनोन् महिने पाण्यात राहणारी नव्हे.

सेंटरबोर्डचा शत्रू वारा नाही, बार्नाकल, म्हणजे बोटीच्या तळाला चिकटून बसणारे कवचाचे जीव. बोर्ड ज्या फटीत वरखाली होतो ती फट म्हणजे अंधार, सावली, वाहतं पाणी. बार्नाकलला याहून सुखाचं घर नाही. मांडवीच्या कोमट पाण्यात महिना-दीड महिना बोर्ड वर ठेवून बोट उभी राहिली की आत दाटी झालीच. बेतीजवळ मूरिंगवरच्या अशाच एका बोटीचा बोर्ड आम्ही खाली पाडायला गेलो होतो. दोर सोडला, बोर्ड हलेना. खालून डुबकी मारून पाहिलं तर फट दिसेचना, नुसता पांढरा खरखरीत पट्टा. वरून लाकडी ठोकळा ठेवून घण घातला. दहाव्या-बाराव्या घावाला बोर्ड एकदम सुटला, तोफेसारखा आवाज झाला, आणि त्याला धरणारी गंजकी वायर तटकन तुटली. मग बोर्ड खालीच लोंबत राहिला आणि ०.६ मीटरची बोट दीड मीटरची होऊन बसली. उथळात न्यायची सोय गेली ती गेली, वर उचलायचं वांधंच. दर आठवड्याला बोर्ड दोनचार वेळा वरखाली करण्याची शिस्त असेल, वायरच्या जागी डायनीमाचा (न गंजणाऱ्या मजबूत कृत्रिम धाग्याचा) दोर घालून तो दर हंगामाला बदलणार असाल, तर ही बोट घ्या. रविवारी न चुकता जाईन म्हणणारे नोव्हेंबरात जातात. एप्रिलच्या उकाड्यात कोण जातं ते मी पाहिलंय.

शिवाय हिचं नीरम कुठे आहे ते बघून घ्या. काही बोटींत वजन तळातच असतं आणि बोर्ड नुसतं हलकं पातं. काहींत वजनच त्या हलणाऱ्या कीलमध्ये असतं. दुसऱ्या जातीत कील खाली पाडून पिन घालून अडकवायची असते. पिन विसरलात आणि बोट आडवी झाली की शेकडो किलोचं पातं परत आपल्या खोक्यात आदळतं. मालवणला जाताना वेंगुर्ल्याच्या खडकांबाहेर असला प्रयोग नको.

आडव्या पंखांची कील तुमच्या यादीत नाही, बरंच आहे. १९८३ मध्ये ‘ऑस्ट्रेलिया २’ ने अशीच कील लावून अमेरिकन क्लबाकडे १३२ वर्षं असलेला अमेरिकाज कप हा शिडाच्या शर्यतीचा चषक नेला, तेव्हापासून तिचं कौतुक. उथळ राहून ती बरी चालते, खरं. पण चिखलात रुतली की तो नांगरच. साधी फिन कील रुतली तर सगळ्यांना एका बाजूला बसवून, बूम (शिडाच्या तळाचा आडवा दांडा) बाहेर काढून बोट कलवतात. ड्राफ्ट कमी होतो, सुटते. पंखवाली कलवली तर खालचा पंख अजून खोल जातो. शिरदोणसमोरच्या चिखलात मी एका मित्राबरोबर हे करून पाहिलंय आणि जितकं कलवलं तितके रुतलो. संध्याकाळचे सात वाजले होते. पुढच्या भरतीला सुटलो, तोवर डासांनी जेवून घेतलं. त्यातही नशीब एवढंच की चढत्या उधाणाचे दिवस होते. उधाणाच्या ऐन भरतीला रुतलात तर पुढच्या भरत्या दिवसेंदिवस कमीच येतात. पंधरा दिवस बोटीवर राहायची तयारी ठेवा.

तिरकी होणारी कील, पाण्याखालची फॉइल्स, हे विसरा. तो दुसऱ्या पैशांचा खेळ आहे.

राहिली दोन कीलची. ही रेसवाल्यांची थट्टेची बोट. दोन पात्यांमुळे पाण्याला घासणारं क्षेत्र जास्त, म्हणून हलक्या वाऱ्यात सुस्त. वाऱ्यावर चढताना सरकते जास्त. लाटांत कलली की वाऱ्याकडची कील पाण्याच्या वर यायला बघते आणि थपडा मारते, रात्री आत झोपलेल्याला तो आवाज असह्य होतो. दोन पात्यांच्या मध्ये जाळ्याचा दोर अडकला तर सोडवायला पाण्यात उतरावंच लागतं. आपल्या किनाऱ्यावर रात्री कुणाचं जाळं कुठे पसरलंय याचा भरवसा नाही, तेव्हा सुरी कमरेलाच ठेवा. आणि टणक वाळूवर ती छान बसते, पण मऊ चिखलात एक पाय जास्त रुतला की बोट वाकडी होऊन बसते. भरती आली की खालची बाजू आधी उचलली जाईल का, की पाणी डेकवर चढेल, हा विचार करत तास-दोन तास काढावे लागतात. मांडवीच्या चिखलावर मुद्दाम सुकवू नका.

एवढं सगळं सांगून, तुमच्या जागी असतो तर तिघींतली मी हीच घेतली असती. मे महिन्याच्या शेवटच्या उधाणाला भरतीवर शापोऱ्यात शिरायचं, बागेच्या कडेला टणक, आधी बांबू खुपसून पाहिलेल्या जागी तिला तरंगत न्यायचं. सुकती लागली की ती आपल्या दोन पायांवर आणि मागे सुकाणूच्या स्केगवर, म्हणजे सुकाणूपुढच्या छोट्या पंखावर उभी. मग सावकाश ट्रॅक्टर आणि फळ्या लावून वर ओढा. क्रेन नको, क्रेडल नको. पायांखाली जाड फळ्या सारा, नाहीतर पावसात खचेल. वर झापांची माटवी घाला. फक्त फळ धरणाऱ्या माडाखाली ठेवू नका. एका डेकला नारळाने पडलेलं भोक मी बुजवलंय, आणि विम्यावाल्यांना ते पटवून देताना माझी अर्धी सकाळ गेली.

तपासताना हिच्याकडे वेगळं बघायचं. दोन कीलच्या बोटी आयुष्यात शेकडो वेळा टेकलेल्या असतात, आणि दर वेळी पाय बाहेरच्या बाजूला फाकायला बघतात. म्हणून प्रत्येक कीलच्या मुळाशी आतल्या बाजूला केसाएवढ्या भेगा आहेत का बघा. नुसत्या जेलकोटची, म्हणजे वरच्या चकचकीत थराची भेग असेल तर ती बहुधा नखाला लागत नाही. नखाला लागली तर खरवडून आत बघायचं. एका माणसाला बोटीत बसवा, तुम्ही खालून कील दोन्ही हातांनी धरून आडवी हलवा. आतल्याला काही हलताना दिसलं किंवा कुरकुरलं, तर किंमत पाडून मागू नका, सोडून द्या. कील तळाबरोबर एकसंध फायबरमध्ये झाकलेली असेल तर बोल्ट नाहीत, चांगलं. पण खालचं टोक घासून आत पाणी शिरलंय का बघा. आत लोखंडाचे तुकडे राळेत भरलेले असतील तर ते गंजून फुगतात आणि कील गाभण दिसू लागते. ठोकून बघा, पोकळ आवाज लगेच कळतो.

आणि अजून घाई नसेल तर एक चौथी शोधा: उथळ फिन, ड्राफ्ट १.२ ते १.३ मीटर, कीलचं मूळ पुढे-मागे लांब, सुकाणूपुढे स्केग. गोव्याला अशी बोट मनापासून शोभते. मुंबईच्या वाटेवर तुमचे ते १४ तास ती बरेचसे वाचवील. पण तिला क्रेडल लागणार, म्हणून बागेची जमीन कशी आहे ते मेव्हण्याला आजच विचारा. एक लोखंडी पहार घेऊन जा. जुलैमध्ये जा, मेमध्ये नको. मेमध्ये सगळीच जमीन टणक असते.